धाकट्याचा नंबर

धाकट्याचा हात पुन्हा वर गेला. टीचरने तो पाहिला आणि शेजारच्या मुलीला कापूस दिला.

उन्हाळ्यातलं संडे स्कूल म्हणजे सगळ्या वयांची मुलं एकाच खोलीत. चटईवर बालवाडीतली, मागच्या बाकांवर मिसरूड फुटू लागलेली आणि मधे नुसता गोंधळ. आज पुठ्ठ्याच्या मेंढ्यांवर कापूस चिकटवायचा होता. मेंढ्यांपेक्षा तो मुलांच्या केसांतच जास्त दिसत होता.

धाकटा टीचरचाच मुलगा. पहिल्या रविवारी त्याने न अडखळता बायबलमधलं वचन म्हटलं आणि तिने त्याच्या शर्टावर चांदणी चिकटवली. तेव्हा दारात उभी असलेली एक आई दुसरीला म्हणाली, "मिळणारच. घरचीच टीचर आहे ना!"

टीचरला ते फार झोंबलं. फुकट राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! घरी जाताना तिने धाकट्याला बजावलं, "तिथे मी तुझी आई नाही. टीचर म्हणायचं. आणि तुझा नंबर सगळ्यांत शेवटी."

तेव्हापासून चांदणी असो की बिस्किट, धाकटा शेवटीच. चर्चच्या पाळकबाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आपला-परका असा भेद हिच्याकडे नाही म्हणाल्या. त्या कौतुकाने ती आठवडाभर हवेत होती.

"टीचर," धाकटा म्हणाला.

"थांब म्हटलं ना. आधी बाकीचे."

तो थांबला. एक हात वर, दुसऱ्या हाताने चड्डी घट्ट धरलेली. तेही तिने पाहिलं होतं. पण दारात आज त्याच दोघी उभ्या होत्या. तिने डिंकाची बाटली उचलली आणि पाठ फिरवली.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा बाक हसला. ती वळली. चटईवर ओल पसरत होती. धाकट्याचा हात अजून वरच होता.

तिच्याआधी पोचली ती आजच नव्याने आलेली एक उंच मुलगी. तिने मोठा चार्टपेपर उलगडून धाकट्यापुढे आडोसा धरला आणि बाकाकडे डोळे वटारले. हसणं थांबलं.

टीचरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. लाज त्याची नव्हती, तिची होती. ते खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

"रडू नको हं," मुलगी त्याला म्हणाली. "तुझी आई कुठंय? मी बोलावते तिला."

धाकट्याने कागदाच्या कडेवरून टीचरकडे पाहिलं. शिकवलेलं नीट आठवतंय ना, याची खात्री केल्यासारखं. मग तो शहाण्यासारखा म्हणाला,

"रविवारी मला आई नसते."