थोरलीचं बोलणं
शिवाजी पेठेतली संयोगिता दोन बहिणींची कथा लिहीत होती, पण शेवट जमत नव्हता. म्हणून तो तिनं एआयला लिहायला सांगितला. दर वेळी त्यानं बहिणींना एकमेकींच्या गळ्यात पाडून रडवलं. वैतागून तिनं टाइप केलं, "थोरली अशी रडणारी नाही." एआयनं विचारलं, "मग ती काय म्हणेल?" संयोगितानं दोन वाक्यं टाइप केली आणि दोन्ही खोडली. कथेतली थोरली म्हणजे आजऱ्यात राहणारी तिची आक्का. आधी एकदा संयोगितानं आक्काच्या मोडलेल्या संसारावर तिला न विचारता कथा छापली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. अखेर तिनं आक्काला फोन लावला. "आता कुणाची गोष्ट लिव्हायलीस?" आक्कानं विचारलं. "तुझीच, आक्का. शेवट जमंना झालाय." पलीकडून फोडणीची चरचर ऐकू येत होती. आक्का म्हणाली, "थांब, गॅस बंद करते. मग वाच. या खेपंला छापायच्या आधी ऐकू दे मला."