कंसातलं नाव

मार्शसाइडला दर दुसऱ्या दारावर रिमर हेच आडनाव, म्हणून तिथे माणसं टोपणनावाने ओळखली जात. कोळंबी धरणारे म्यूरिएलचे वडील सगळ्या गावाचे ‘चिखल्या’. शेवटचं वर्षभर लेकीकडे लंडनला राहून ते वारले, तेव्हा तिने त्यांना पुरायला गावी आणलं.

“कंसात टोपणनाव घालायचं ना, बाई?” वर्तमानपत्रात निधनाची जाहिरात घेणाऱ्याने विचारलं. “तुमच्याकडचे सगळे घालतात.”

शाळेत ‘चिखल्याची पोर’ ऐकत वाढलेली म्यूरिएल म्हणाली, “नको. नुसतं अर्नेस्ट रिमर लिहा. रिमर म्हणजे मुळात गाणी रचणारा माणूस. जाताना तरी त्यांना चांगल्या नावाने जाऊ दे.”

दफनाला ती आणि पाद्री, दोघंच. इतक्या वर्षांच्या सोबत्यांपैकी एकही फिरकला नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं.

फाटकाबाहेर वडिलांचा जोडीदार सेथ किनाऱ्यावरून परतताना भेटला.

“अगं पोरी, तू इकडे कुठे? कोणी रिमर गेला वाटतं?” म्हणत त्याने कोळंबीची पिशवी तिच्या हातात दिली.



“ही आपल्या चिखल्याला दे. आणि म्हणावं, लंडन पुरे झालं आता, सगळे वाट बघताहेत.”