पेल्शांची ओडिलीन

दगडावरचं कापड ओढलं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत ओडिलीन म्हणाली, "हा दगड मला चालायचा नाही."

प्रार्थना आटोपून थेट दफनभूमीत आलेली माणसं जागच्या जागी थबकली. नदीवरून गार वारा येत होता. नव्याकोऱ्या करड्या दगडावर दोन नावं होती. वर दोन वर्षांमागे वारलेला तिचा नवरा, रोझेर गिमों. खाली ती स्वतः, ओडिलीन गिमों, जन्मसाल कोरलेलं आणि पुढची जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेचं तिला काही वाटलं नाही. गावात सगळेच जोडीदाराच्या दगडावर आपली जागा अशी धरून ठेवतात. तिचा जीव जळला तो नावापायी.

दगड दिला होता रॉनल्डनं. हा रोझेरच्या चुलतभावाचा मुलगा, जन्मापासून अमेरिकेत वाढलेला, घराण्याची मुळं शोधत दर उन्हाळ्यात इकडे येणारा. माणूस भला, म्हणूनच तिला बोलणं जड जात होतं. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. त्यानं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगून पाहिलं, की काकू, आमच्याकडे बायकोला नवऱ्याचं आडनाव मानानं देतात.

"दुकानात मलाही मादाम गिमोंच म्हणतात," ओडिलीन म्हणाली. "म्हणोत बापडे. पण बाप्तिस्मा, लग्न आणि माती, या तीन वेळेला इथली बाई बापाचंच नाव लावते. माझी आई तशी गेली, आजी तशी गेली. मी पेल्शांची आहे."

रॉनल्डचा चेहरा पडला. एवढं सगळं घराणं जुळवलं, फक्त पणजी तेवढी हाती लागली नाही, असं तो पुटपुटला. गिमोंचा एकूण एक दगड त्यानं पाहिला होता. एक्झिल्डा गिमों कुठेच नव्हती. बिचारीच्या नावानं कुणी दगडच बसवला नसावा.

ओडिलीनला हसू आलं आणि रागही आला. तिनं काठीनं त्याच्या पाठीमागे दाखवलं. "कोट कशावर टाकलायस तो?"

त्यानं कोट उचलला. खालच्या शेवाळलेल्या दगडावर लिहिलं होतं: एक्झिल्डा लबेल, ओनेझिम गिमों याची पत्नी. रॉनल्ड कोट छातीशी धरून उभाच राहिला.

ओडिलीननं नाव बदलायला सांगितलं, पण पाथरवट फेर्नांनं नकारार्थी मान हलवली. ग्रॅनाइटमधलं अक्षर काही पुसता येत नाही, मादाम, असं तो म्हणाला. मग मागची बाजू कोरी आहे ना, तिनं विचारलं. होती. तर दगड फिरवायचा, दोन्ही नावं नीट घालायची आणि ही बाजू नदीकडे करायची. नदीला वाचता येत नाही.

माणसांत कुजबुज झाली. फादर गोस्लां पुढे आले आणि हलक्या आवाजात समजूत घालू लागले. पाहुण्यानं प्रेमानं दिलंय, ओडिलीन. तू रोझेरची कोण, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

"आज ठाऊक आहे, फादर. शंभर वर्षांनी याच्यासारखा कुणी शोधत येईल, त्याला कोण सांगणार?" तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. तिला याच मातीत, याच माणसाशेजारी निजायचं होतं, दुसरी जागा तिनं कधी मनातही आणली नव्हती. "आपल्याकडे ओडिलीन गिमों म्हणजे गिमोंच्या घरात जन्मलेली. तो वाचेल आणि म्हणेल, भाऊ-बहीण दिसतात."

फादर बाजूला सरले.

"पंचावन्न वर्षं मी त्याची बायको होते," ओडिलीन म्हणाली. "त्याच्या शेजारी बहीण म्हणून निजणार नाही. फेर्नां, फिरव दगड."