बाईंची साक्ष

“काका, तुमची गाडी भाड्यानं चालत होती. वाढीव वॉरंटी घरगुती गाडीला असते, टॅक्सीला नाही,” क्लेमच्या मॅडम म्हणाल्या आणि फाइल मिटायला लागल्या. लेकीनं फाइलवर हात ठेवला.

काचेची खोली एवढीशी. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, दार आपोआप मिटणारं, खिडकी नावालाही नाही. तिचे बाबा, निवृत्त कंपाउंडर, अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखे बसले होते. बाहेरही सुटका नव्हतीच. इंजिन गेलेली गाडी गॅरेजात पडून होती आणि गॅरेजवाल्यानं बजावलं होतं, आज कंपनीचा होकार आणा, नाहीतर गाडी उचला. पदरचं इंजिन घालायचं तर पेन्शन पुरायची नाही. आणि गाडी गेली की शेजारच्या शिवणाच्या बाईंचं हॉस्पिटल गेलं. एक दिवसाआड त्यांना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे, तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बसच्या पायरीवर त्यांचा पाय चढत नव्हता. बाबांची गाडी एवढी पळाली होती ती याच एका रस्त्यावर.

सगळं घोडं अडलं होतं सोसायटीच्या वॉचमनच्या थट्टेपायी. कंपनीचा माणूस चौकशीला आला, इतके किलोमीटर कसे काय म्हणाला, तर वॉचमन हसत बोलून गेला, “अहो, कंपाउंडरसाहेबांची टॅक्सीच आहे ती.” झालं. गंमत फाइलीत शिरली आणि पुरावा होऊन बसली. बिचारा नंतर कान धरून सांगत होता, साहेब, मी सहज बोललो हो. पण कंपनी ऐकते कुठली.

नोकरीच्या गावाहून लेक रजा टाकून आली होती ती हे निस्तरायलाच. तिला उपाय लख्ख दिसत होता. बाईंनाच घेऊन जायचं. गाडीत बसणारं माणूसच सांगेल, भाडंबिडं काही नव्हतं म्हणून. बाबा मात्र काही केल्या तयार होईनात. त्यांना कशाला दगदग. त्यांना बरं नाही. राहू दे गं, बघू. एवढा सरळ माणूस, पण हा विषय निघाला की नजर चुकवायचा. शेवटी तिनं त्यांना न विचारताच बाईंना टॅक्सीत बसवलं. बाई आत बसलेल्या बघून बाबांनी जी नजर खिडकीबाहेर लावली ती वाटभर वळवली नाही. वाटेत लेकीनं बाईंना पढवलंही नाही. “विचारतील ते खरं सांगा, एवढंच.”

“मला दुसरं येतं कुठं?” बाई म्हणाल्या होत्या.

“साक्षीदार बाहेर बसल्यात,” लेक आता मॅडमना म्हणाली. “बोलावते.”

“मॅडम, राहू द्या,” बाबा एकदम बोलले. “मला क्लेम नको.”

“बाबा, तुम्ही जरा थांबा हो.”

बाई आल्या. हातात काठी, पण पाठ ताठ. कपड्यांना कडक इस्त्री.

“या आजी, बसा.”

“आजी तुझ्या घरी. मला सगळे बाई म्हणतात.”

मॅडमना हसू आलं. त्यांच्याही मनात कुठेतरी ओलावा असावा. त्यांनी पेन उघडलं आणि प्रश्नच असा विचारला की बाईंनी नुसती मान हलवावी. “बाई, शेजारधर्म म्हणून हे काका तुम्हाला फुकट नेत होते. बरोबर ना?”

बाईंची मान हलली नाही.

“फुकट?” त्या म्हणाल्या. “जन्मभर शिवण शिकवून खाल्लं मी, पोरी. मुलगा गेला, घरात मी आणि सून दोघीच उरलो, तेव्हाही कुणापुढे हात पसरला नाही. आता मरताना फुकटात बसेन? उतरायच्या आधी पैसे ठेवलेत मी यांच्या हातावर. प्रत्येक खेपेला. विचार की त्यांनाच.”

लेकीनं बाबांकडे पाहिलं. बाईंना हल्ली आठवत नाही हो, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं. एका वाक्यावर इंजिन अडलं होतं.

“काका?” मॅडमनी विचारलं. “बाई म्हणतात ते खरं?”

बाबांनी बाईंकडे पाहिलं. इतका वेळ कोंडलेला त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, देवापुढे उभं राहिल्यावर होतो तसा.

“खरं आहे,” ते म्हणाले. “बाईंनी एकदाही चुकवलं नाही.”

मॅडमनी पेन मिटलं. मग फाइल.

बाहेर रस्त्यावर बाई खुशीत होत्या. “सांगितलं ना मी नीट, भाऊ? आता देतील ना इंजिन?”

“बघू,” बाबा म्हणाले. “तुम्ही छान सांगितलंत.”

टॅक्सी आली. बाईंनी आधी आपला वाटा बाबांच्या मुठीत कोंबला आणि मगच त्या आत बसल्या. बाबांनी त्यांच्या बाजूचं दार लावलं. लेक तेवढ्याचीच वाट बघत होती.

“पैसे घेत होतात तुम्ही?” दबक्या आवाजात ती म्हणाली. “त्यांच्याकडून? घरात काय परिस्थिती आहे ते माहीत असून? आणि मी इथे वेड्यासारखी तुमच्यासाठी भांडतेय.”

बाबांनी मूठ उघडली. कडेला टेप लावलेली, घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली नोट होती ती. त्यांनी ती लेकीच्या हातात दिली.

“मी इथूनच गॅरेजात जातो, गाडी उचलायला. परवा त्यांना टॅक्सीनंच नेऊ,” ते म्हणाले. “घरी गेलीस की ही नोट त्यांच्या सुनेकडे दे. नेहमीसारखी ती गुपचूप त्यांच्या पाकिटात ठेवेल. नाहीतर परवा बाई देणार कुठून?”