गुळगुळीत

पडद्यावर बाळाचं डोकं उमटलं तसा इस्त्रीवाला स्टुलावरून अर्धा उठला. बायकोने झोपल्याझोपल्याच सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

दीड महिन्यापूर्वी याच खोलीत डॉक्टरीणबाईंनी बाळाचा मेंदू अजून गुळगुळीत असल्याचं सांगितलं, तेव्हा गडी खूश झाला होता. वीस वर्षं सुरकुत्यांशी हाडवैर. गुळगुळीत म्हणजे उत्तमच. दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांना त्याने ते कौतुकाने सांगूनही टाकलं. मग बायकोने त्याला बाजूला घेतलं. आता मेंदूला वळ्या पडायला हव्यात, पडल्याच नाहीत तर पोर धड बसणार नाही, बोलणार नाही, एवढं तिने एका दमात सांगितलं. तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्या आठवड्यात त्याने लोकांचे तीन सदरे जाळले.

आज डॉक्टरीणबाई नुसतं यंत्र पोटावरून फिरवत होत्या. त्याला राहवेना. या वळ्या पाडतं तरी कोण, त्याने विचारलं.

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "वरचा थर भराभर वाढतो, आतला मागे राहतो. दोन्ही एकमेकांना चिकटलेले. मग वरचा जाईल कुठे? दुमडतो."

"झालरीसारखं," बायको म्हणाली. ती लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. "कापड जास्त, पट्टी तोकडी."

"अगदी तसंच." डॉक्टरीणबाईंनी चित्र थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. पांढुरक्या कडेवरून एक खाच आत गेली होती. तिच्याखाली दुसरी. "ही बघा. आणि ही. वेळेवर पडताहेत."

बायकोने डोळे मिटले. पाणी कानांकडे ओघळलं. इस्त्रीवाला मात्र खाचा मोजत बसला. सात भरल्या, तरी त्याने पुन्हा पहिलीपासून मोजल्या.

बाहेर बाकावर तिने छापलेलं चित्र त्याच्या हातात दिलं. मुठीत धरून धरून ते पार चुरगळलं होतं. सवयीने त्याने ते मांडीवर पसरलं, तळहात ठेवला आणि सरकवणार तोच थांबला.

"असू दे," तो म्हणाला, आणि चित्र होतं तसंच खिशात ठेवलं.