दोघांची पडशी

१९४३ सालची दुपार. पोलिसांची लॉरी उंब्रजपर्यंत पोचल्याचा निरोप आला, तेव्हा भूमिगत कृष्णात हिवतापानं फणफणत घरात पडला होता. बायकोनं, रंगुबाईनं, पडशीत भाकरी, मीठ, काडेपेटी, कोयनेलच्या गोळ्या भरल्या. तो उठला आणि कोलमडला. सासूनं रंगुबाईचं लुगडं पडशीत कोंबलं. “तू बी जा. एकट्याला जमायचं न्हाई.” “आन् बाळ?” “उसात रडलं तर समदी गावाल. दे हिकडं.” रंगुबाईनं तान्ह्याला सासूच्या ओटीत ठेवलं, पडशी खांद्याला अडकवली आणि नवऱ्याला सावरत मागच्या दारानं उसात शिरली. घटकाभरात फौजदार दारात आला. “सून कुठाय?” “म्हायेरी गेलीया.” “तान्हं पोर टाकून?” म्हातारी रडणाऱ्या नातवाला थोपटत राहिली. “दूध आटलंया तिचं, सायेब.” तो घर धुंडाळून रिकाम्या हातानं परतला. तिकडं उसात रंगुबाईची चोळी दुधानं भिजून चिंब झाली होती.