एकटीचा खड्डा

अकोल्याच्या जुन्या शहरात अनुपमाबाईंना मोठ्या मुश्किलीने घर मिळालं होतं. मुलींच्या शाळेत मास्तरीण, विधवा, त्यात एकटी; कोणी दारात उभं करत नव्हतं. म्हणून दिवाळीत उपसलेला संडासाचा खड्डा संक्रांतीलाच तुडुंब भरला, तेव्हा त्या धास्तावल्या.

सुखलाल दुपारभर मैला उपसत होता. शेवटी कपाळ पुसत त्याने विचारलं, "बाई, घरात किती मानसं हायत?"

"मी एकटीच."

त्याने काठोकाठ भरलेल्या गाड्याकडे पाहिलं. बोलले ते घरमालक मोरोपंत वकील, नाकाला उपरणं लावून. "हे एकटीचं काम नोहे. कोणाले ठेवून घेतलं घरात? खरं सांगा, नाही तर उद्या घर खाली करा."

"तुम्हीच बघा," बाई म्हणाल्या.

मोरोपंतांनी माळ्यापर्यंत सगळं पाहिलं. कोणी नव्हतं. ते कुरकुरत निघून गेले. मागोमाग सुखलालही गाडा ओढत गेला.

बाईंनी पुढच्या दाराला कडी घातली आणि फिनेलची बाटली घेऊन त्या परसात आल्या. संडासाचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी दाराला हात लावला, तोच आतून कोणीतरी खाकरलं. आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून खाकरतात, तसं.

बाई झटकन मागे सरकल्या.

पाठीमागे टमरेल जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. मग भिंतीपर्यंत एकामागून एक.

"जरा मांगं व्हा बाई," कानाशी कोणी अदबीने म्हणालं. "आमी कव्हाचे उभे हाओ."